बोलत राहा, विहीणबाई

३ डिसेंबर

विहीणबाई पळायला येणार! आमच्याच गटात, आमच्याच मैदानावर. म्हणे, "तुमचं बघून मलाही हुरूप आला." माझं काय बघितलं? मला सुरू करून जेमतेम आठवडा झाला, आणि पहिल्या फेरीतच जीभ बाहेर येते. कुठेतरी पाणी मुरतंय.

तीस वर्षं कारखान्याच्या कोठारावर काढली. मोजल्याशिवाय कधी माल उतरवून घेतला नाही. माणूस बरा घेईन!

५ डिसेंबर

आमचे शिकवणारे शिट्टीसाहेब (गळ्यात शिट्टी असते, वाजवत कधीच नाहीत) यांनी आज जोड्या लावल्या. नवशिक्यांसाठी नियम सोपा: थोडं पळा, थोडं चाला, आणि पळताना जोडीदाराशी बोला. बोलता येईनासं झालं की वेग जास्त झाला. माझी जोडी कुणाशी? विहीणबाईंशी! मागून घेतली असणार, दुसरं काय.

पहाट, काळोख, वर धुकं. त्या माझ्या खांद्याला चिकटून, अर्धं पाऊल मागे. "तुम्ही बोला हो, मला ऐकायला आवडतं." बोलले. एकदा तोंड उघडलं की मला आवरत नाही. घरी येऊन कपडे बदलताना लक्षात आलं — मुलाची बढती हुकली ते, ह्यांचा गुडघा, माझं नि धाकट्या जावेचं वाजलं ते, सगळं ओकून मोकळी झाले. त्यांनी स्वतःचं एक अक्षर सांगितलं नाही.

९ डिसेंबर

कळलं, ह्या पळायला का आल्या ते. बाळ!

सुनेला डॉक्टरांनी मार्चची तारीख दिलीय. पुढे ती कामावर जाईल, मग दिवसभर बाळ कुणाकडे? आमच्याकडे की तिच्या आईकडे? मुलगा-सून आमच्यापासून वेगळी राहतात, अजून काही बोललेली नाहीत. मला हवंय ते बाळ. इथे लिहायला कुणाची चोरी आहे? मला हवंच आहे. कोठार सुटल्यापासून हात रिकामे आहेत, नि रिकामे हात बरे नाहीत.

आणि विहीणबाई पळून दाखवतात की मी कशी धडधाकट, वर आमच्या घरची उणीदुणी गोळा करतात. एका दगडात दोन पक्षी.

१४ डिसेंबर

आज न थांबता पळाले! तळ्याच्या पुलापासून थेट फाटकापर्यंत. तिथे पायात येईल अशी आडवी साखळी बांधलीय, "आली ही मेली साखळी" म्हणत तीही ओलांडली. आणि मागून विहीणबाई, "शाब्बास! बोलत राहा, बोलत राहा!" डोळ्यांत पाणी आलं माझ्या. यांच्या शाबासकीनं! मग स्वतःचाच राग आला.

१९ डिसेंबर

भेट आली. जाकीट. रंग पिवळा — पिवळा म्हणजे किती पिवळा! पाठीवर चमकणारे पट्टे. "तुम्हाला खुलून दिसेल," म्हणाल्या. हे म्हणाले, "रस्ता खणायला निघालीस का?" फुकट कोण कुणाला काय देतं?

घातलं मात्र. ऊबदार आहे.

२३ डिसेंबर

संध्याकाळी औषधाच्या दुकानाबाहेर त्या समोरून आल्या. मी चांगला हात केला. सरळ निघून गेल्या! ओळख ना देख. पहाटे काळोखात गोड गोड, आणि चारचौघांत मी कोण? अपमान झाला. झाला म्हणजे झाला.

वर सुनेकडून ऐकलं, शिवणाची कामं घेणं त्यांनी बंद केलंय. उभा जन्म ज्या मशीनवर गेला, त्यावर आता चादर. हल्ली नुसतं विणतात, बाळाचे मोजे. हात मोकळे करून ठेवताहेत, दुसरं काय! आमच्याआधी नंबर लावून बसायचं.

२७ डिसेंबर

ठरलं. उद्या तोंडाला कुलूप. बातमी मिळाली नाही तर किती दिवस पळायला येतात, बघूच.

२८ डिसेंबर

चहाही न घेता लिहायला बसले.

धुकं इतकं की झाडंसुद्धा दिसेनात. मी गप्प. "बोला ना." "हं." "दमलात का?" मी गप्पच. मजा वाटत होती मला. उगाच वेग वाढवला. मागून एकदा आवाज आला, "विहीणबाई?" जरा चिरका. ऐकू आला होता मला. उत्तर दिलं नाही.

फाटकाची साखळी मी सवयीनं ओलांडली. एरवी तिथे कुरकुरते, आज तेवढंही नाही. आणि मागे धप्प!

साखळीत पाय अडकून तोंडावर पडल्या. गुडघा फुटला, हनुवटी सोलवटली. उठवायला हात पुढे केला तर त्या भलतीकडेच चाचपत राहिल्या. "लेस सुटली हो माझी," म्हणाल्या. मी बघितली. दोन्ही बुटांना दुहेरी गाठ, घट्ट.

खोटं का बोलल्या?

३० डिसेंबर

कोटाचं तुटलेलं बटण घेऊन त्यांच्या घरी गेले. बघायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू? "ठेवून जा, सावकाश लावते." म्हटलं, "आत्ताच लावा की. मी सुईत दोरा ओवू का?" त्या बटण हातात फिरवत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "ओवा. मला आता ओवता येत नाही."

दुपारी बरं असतं. उजेड कमी झाला की जवळजवळ काहीच दिसत नाही. हळूहळू वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. "पहाटे तुमचं जाकीट तेवढं दिसतं, पिवळं. आणि तुमचा आवाज. त्यावरच पळते मी."

"मग पळता कशाला बाई?"

"बसले तर बसलेलीच राहीन." मग माझा हात धरला. "लेकीला सांगू नका. बाळ हातात द्यायची नाही ती."

म्हणजे औषधाच्या दुकानाबाहेर... जाऊ दे.

३१ डिसेंबर

एक शब्द टाकला की बाळ आमच्याकडे. तोही खरा शब्द, लबाडी करायला नकोच. दिवसभर तो जिभेवर घेऊन हिंडले. आमटीत मीठ दोनदा पडलं.

पहाटे मैदानावर त्या गुडघ्याला पट्टी बांधून आल्या होत्या. मी साखळीला जरा मोठ्यानं शिव्या दिल्या.

२ जानेवारी

सून आली होती. विचारलं, "माझ्या आईच्या हनुवटीला काय लागलंय?"

"लेस सुटली होती," मी म्हटलं. पटकन आलं तोंडातून.

ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "आई, तिच्या डोळ्यांचं मला केव्हाच कळलंय. ती लपवते, म्हणून मीही बोलत नाही. पळायला जायचा तिचा हट्टच होता, तेव्हा मीच तिला तुमच्याकडे धाडलं. शिट्टीसाहेबांना सांगून जोडीही मीच लावली. म्हटलं, तुम्ही काही कधी गप्प बसत नाही, ती पडायची नाही."

आणि मग हळूच, "त्या दिवशी तुम्ही बोलत नव्हतात का?"