उजवीकडची कळी

बाबा,

तुम्हाला लिहायला इतका उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही गेलात त्याला एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत पेन हातात घेतलं नाही, कारण घरात जे घडतं ते तुम्हाला तिथून दिसतच असेल असं वाटायचं. आता एक गोष्ट अशी झाली आहे की ती फक्त देवाला आणि मला माहीत आहे, आणि देवाला तोंड दाखवायची सोय मी ठेवलेली नाही. म्हणून तुम्हाला लिहितो. सातवीपर्यंतच शिकलो, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचा नातू, जो तुम्ही गेलात तेव्हा दुसरीत होता, तो पुढच्या मंगळवारी बायकोला आणि मुलीला घेऊन मॉरिशसला कायमचा राहायला चालला आहे. मी महाडला त्याच्या ब्लॉकवर आलो आहे, सामान बांधायला मदत म्हणून. मदत कसली, सगळ्यांच्या पायात पायात करतो आहे.

तुम्ही म्हणायचात, या पोराला काळजी करायला कारण लागत नाही. ते अजून तसंच आहे. चार दिवस झाले, मी सगळ्यांना तेच तेच विचारतो. तिथे पाणी कुठलं पितात, पोरीला ताप आला तर डॉक्टर जवळ आहे का, विमान मध्ये कुठे थांबतं, थांबलं तर खाली उतरायचं की बसून राहायचं. काल मुलाला विचारलं की समुद्राच्या मधोमध एवढंसं बेट, वादळ आलं तर माणसं जातात कुठे. तो दोरी बांधत होता, हसायला लागला. "आबा, बेट हाय म्हणजे काय तराफा नाय तो, वाहून जायला. इथे सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तुम्ही कुठे गेला होतात?" मी म्हटलं, "मी वरती गावात होतो." तो म्हणाला, "मग? तिथेपण डोंगर हायत." त्याला सगळ्याचं उत्तर येतं. तुमच्यावर गेला आहे.

माझी सून तुम्ही पाहिली नाहीत, म्हणून सांगतो. ती तिथली, मॉरिशसची. तिचे खापरपणजोबा आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यावर कामाला नेलेले. घरात त्यांची भाषा वेगळीच, पण शाळेत मराठी शिकली आणि पुढे शिकायला पुण्याला आली. आपला मुलगा तिथेच कॉलेजात. लग्न ठरलं तेव्हा सगळ्या वाडीला वाटलं की गोरी मडम येणार. ती जीपमधून उतरली तर शेजारची काकी मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, ही तर माझ्याहून काळी हाय!" आणि सुनेने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकी, मला पिण्यासाठी थोडे पाणी मिळेल का?" बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पुस्तक बोलतंय, म्हणाल्या. ती रागावली नाही. दुसऱ्या वर्षी नाचणीची लावणी करताना तीच काकीला म्हणत होती, "मला नाय गो जमत हे." आता अकरा वर्षं झाली. तिने तिचा देश कागदावर सोडला नाही. सुरुवातीला राहायच्या परवानगीसाठी अलिबागला खेपा व्हायच्या, तेव्हा एकदा मी सोबत गेलो होतो. बाकावर बसून मी म्हटलं, "कशाला हा त्रास? होऊन जा इथली." ती म्हणाली, "आबा, मी इथलीच आहे. पण तिथे आई आहे. तिच्याकडे जाताना मला कोणाला विचारायला लागू नये." मला तेव्हाच हे नीट ऐकायला हवं होतं.

गेल्या वर्षी तिच्या भावाने कळवलं की हॉटेलांची फ्रिजं, थंड खोल्या दुरुस्त करायचं त्याचं दुकान वाढलं आहे, भावोजींनी यावं. तिचा नवरा म्हणून आपल्या मुलाला तिथे राहायला मिळतं, पोरीला तर आईमुळे हक्कच. इथे तो एमआयडीसीतल्या कंपनीत पाळ्या करून दमलेला. दोघांचं ठरत आलं होतं. पण सून म्हणाली, "आधी गावी जाऊ या. देवाला विचारू." मुलगा म्हणाला, "देवाचं काय मध्येच? पासपोर्ट ऑफिसला विचार." तर ती त्याच्यावर डोळे वटारून म्हणाली, "आमचे लोक इथून गेले तेव्हा त्यांना कोणी विचारू दिलं नाही, म्हणून ते परत आले नाहीत. आपण विचारून जाऊ, म्हणजे परत येऊ."

आपल्या देवळात अजून गुरव नाही. तुमच्या वेळेसारखीच घरोघर आठ दिवसांची पाळी असते, ज्याची पाळी त्याने पूजा करायची आणि कोणाचा कौल असेल तर तोही त्यानेच लावायचा. शिमग्याच्या आधी आपली पाळी आली. मी आंघोळ करून गेलो. सून पोरीला घेऊन बाहेर पायरीशी उभी राहिली, मुलगा खाली गाडीपाशी. मी तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवल्या, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घातलं की लेकराबाळांना घेऊन चाललेत, तुझी आज्ञा असेल तर सांग. बाबा, कौलासाठी मी तासतासभर बसलेला माणूस आहे. त्या दिवशी गाऱ्हाणं तोंडात असतानाच उजवी कळी खाली आली. कोणी बोटाने ढकलावी तशी. डावी जागची हललीसुद्धा नाही.

मी तिथे किती वेळ बसलो माहीत नाही. तुमची सून, माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली आहेत. घरात मी, एक म्हैस आणि आठवड्यातून एकदा महाडहून वर येणारी ही तिघं. ती आली की पोरगी आधी गोठ्यात पळते आणि तिची आई चुलीपुढे बसते, घर वाजायला लागतं. मी डावी कळी बोटाने काढली आणि मुठीत धरली. बाहेर आलो. सून म्हणाली, "काय झालं आबा?" मी मूठ उघडून दाखवली आणि म्हटलं, "डावी पडली." तिने खाली बघितलं, पोरीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बरं झालं, विचारलं." मुलगा तेवढा म्हणाला, "च्यायला, देवपण आबांच्या बाजूचा!" तो मस्करी करत होता. मी मूठ परत मिटली.

जायचं राहिलं. श्रावणात तिच्या आईचं दुखणं निघालं. तिने मला फोन करून विचारलं, "आबा, परत एकदा कौल लावता येईल का? नुसतं मला एकटीला जाऊन यायचं आहे." आणि मी काय सांगितलं असेल? म्हटलं, एका सालात दोनदा कौल लावत नाहीत. असा नियम आपल्याकडे नाही, तुम्हाला माहीत आहे. मी तो तिथल्या तिथे केला. मला भीती ही की एकटी गेली तर परत यायची नाही आणि मागोमाग ही दोघंही जातील. मुलगा तिला म्हणत होता, तू जा गो, मी बघतो सगळं. पण तिने देवाचं ऐकलं. देवाचं म्हणजे माझं.

तिची आई गेली तेव्हा मी इथेच महाडला होतो. गुडघ्यांसाठी जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात दोन दिवस जात होतो. सकाळी ती ओट्यापाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर तिकडे तिच्या आईला स्मशानात नेताना दिसत होतं. ती बघत होती आणि थापत होती. एक भाकरी तव्यावर करपली, तिने ती काढली, दुसरी टाकली. मी म्हटलं, "राहू दे गो भाकऱ्या." ती म्हणाली, "तुम्हाला गोळी घ्यायची आहे ना, काहीतरी खायला हवं." मग तवा उतरवून म्हणाली, "देवाने थांबवलं होतं. माझी भेट नव्हती नशिबात." ती भाकरी मी खाल्ली. ते काम मी कसं केलं, मलाच कळत नाही.

आता तिकडे तिचे वडील एकटे पडले. त्यांना दिसतही कमी. म्हणजे तिथेही एक म्हातारा दाराकडे कान लावून बसलेला आहे, हे मला समजतं. या वेळी मुलाने कोणाला न विचारता तिकिटं काढली. पण सून मनातून खचलेली आहे. देवाचा नकार मोडून चाललो आहोत, असं तिच्या मनाने घेतलं आहे. परवा पोरगी जिन्यावरून पडली, गुडघा फुटला, तर ही तिला उचलून उराशी धरून बसली. मला हळूच म्हणाली, "आबा, हे त्याचंच असेल का?" मी म्हटलं, "पोरं पडतातच गो." ती म्हणाली, "तिथे काही झालं तर मला वाटेल की मीच ओढवून घेतलं." आता बोला. सांगितलं नाही तर ती हे भय उरावर घेऊन समुद्रापार जाणार, आणि तिथे ताप आला, कोणाची नोकरी गेली, की तिला ती कळी दिसणार. सांगितलं तर हे भय जाईल, पण तिला कळेल की आईची शेवटची भेट देवाने नाही, सासऱ्याने तोडली. मग ती गावी परत येईल का? पोरीला माझ्याशी फोनवर बोलू देईल का? मी उलटसुलट करून बघतो, मला एक धड उत्तर येत नाही.

तुम्हाला विचारायचं आणखी एक कारण आहे. मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हा महाडच्या मोहल्ल्यातला माझा दोस्त मस्कतला चालला होता, माझाही व्हिसा त्याने आणवला होता. तुम्ही आपल्या पाळीला कौल लावलात. मी बाहेर होतो, जिथे सून उभी होती साधारण तिथेच. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "डावी. नाय म्हणतो देव." आणि पुढे आठ दिवस तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर रागावलात. नंतर मला डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा चांगला तुकडा दिलात, नवी बैलजोडी आणलीत, मी न मागता. आणि जिवंत होतात तोपर्यंत कौल लावायला मला कधी आत घेतलं नाहीत. बाबा, त्या दिवशी खरंच डावी पडली होती का? मी रागावलेलो नाही. मस्कतला गेलो असतो तर काय झालं असतं कोणास ठाऊक, दोस्त तर तिकडून पाठ मोडून घेऊन आला. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की तुम्ही पुढची वर्षं ते कसं सोसलंत. मला सांगायचं कधी मनात आलं होतं का, आणि आलं होतं तर का थांबलात.

एक सांगून टाकतो. काल ही पत्राची वही मी मुद्दाम ओट्यावर उघडी ठेवली, हे कळीचं पान वर करून, आणि भाजी आणायला बाजारात गेलो. ती मराठी माझ्यापेक्षा चांगलं वाचते. म्हटलं, वाचेल, रडेल, काय बोलायचं ते बोलेल, मला तोंडाने सांगायला लागणार नाही. परत आलो तर वही मिटलेली, वर माझा चष्मा ठेवलेला. ती म्हणाली, "आबा, तुमचं पत्र उघडं राहिलं होतं. बाबा एवढं दिसलं आणि मिटून टाकलं. मी काही वाचलं नाही हां, दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत." मी भाजीची पिशवी तिच्या हातात दिली. मला हायसं वाटलं, ही खरी लाज आहे.

म्हणजे आता तोंडानेच सांगायला लागणार. आज शुक्रवार. ती आत पोरीचे कपडे घड्या करते आहे, दोनदा विचारून गेली की चहा ठेवू का. या पत्राला पत्ता नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला काही कळवता येत असेल, स्वप्नात म्हणा, कसंही, तर मंगळवारच्या आत कळवा. नंतर कळवून उपयोग नाही.