एकादशीचा रोजा

२१ नोव्हेंबर १९३६
धर्माच्या तासाला सरांनी बॉम्बच टाकला! दुसऱ्याच्या धर्मातले एक व्रत स्वतः करा, मग त्यावर निबंध लिहा. "पुस्तकातून उतरवलेले मी वाचणार नाही." तत्त्वज्ञान घेतले ते गणित टळावे म्हणून — आता उपाशी राहायचे!

बाकावर शेजारी बद्रुद्दीन, मनमाडच्या रेल्वे फिटरचा मुलगा. म्हणाला, "रमजान चालूच आहे. मंगळवारी तू रोजा धर, मी तुझी एकादशी धरतो." ठरले.

२२ नोव्हेंबर
एकादशीला साबुदाणा चालतो हे ऐकून बद्रुद्दीन पोट धरून हसला. "वाल्मीक, याला उपास म्हणतात?"

२४ नोव्हेंबर
पहाटे जागच आली नाही. सहेरी, म्हणजे रोज्याआधीचे पहाटेचे खाणे, बुडाली. खानावळीत सगुणामावशींनी पान मांडलेले — खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. देवा!

"बस की."

"नको, मावशी."

"का रं? पोट बिघडलं?"

रोजा आहे, एवढेच म्हणायचे होते. तोंडातून निघाले — "निर्जळी आहे."

मावशींनी हातच जोडले! "कालिजात जाऊन एवढं करतोस!" लगेच गल्लीभर सांगून आल्या. दुपारी शेजारच्या कुसाबाई दोन सुनांना घेऊन हजर. तिघी माझ्या पाया पडल्या. मी मागे सरकत सरकत भिंतीला चिकटलो.

संध्याकाळी भद्रकालीच्या मोहल्ल्यात, बद्रुद्दीनच्या मावशीकडे — सकीनाखालाकडे. ओसरीवर बसून खजूर तोंडात टाकला. इतका गोड खजूर जन्मात खाल्ला नव्हता! बद्रुद्दीनने उकडलेल्या रताळ्यावर रोजा सोडला. म्हणे, दोन्ही धर्म एका दिवसात उरकले. लबाड!

२५ नोव्हेंबर
कुसाबाई काल भद्रकालीत बाजाराला आल्या होत्या. खजूर खाताना मला पाहिले, येऊन मावशींना सांगितले. मावशी ओरडल्या नाहीत — तेच वाईट.

"रोजा व्हता?"

"हो."

"मंग तसं सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुला? माझ्या शब्दावर बाया तुझ्या पाया पडल्या! आता त्यांना काय तोंड दावू?"

मावशींनी माझे पान उचलून ठेवले.

"उद्यापासून दुसरीकडं जेव."

सर आज नेमके सत्यावर बोलले. एक अक्षर कानात शिरले नाही.

२६ नोव्हेंबर
कुसाबाईंकडे जाऊन माफी मागितली. म्हणाल्या, "आमचा नमस्कार परत कर." म्हणजे? वाकलो. तिघींच्या पाया पडलो, भर अंगणात! धाकटी सून खुदकन हसली, मग सगळी गल्ली हसली.

मावशी दारातून बघत होत्या. हसल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर
स्टेशनजवळ जेवलो. वरण म्हणजे पिवळे पाणी.

२८ नोव्हेंबर
मावशी भद्रकालीत गेल्या म्हणे — सकीनाखालाशी भांडायला! "पोराला नादी लावलं" म्हणून. जाताना पावले आपटत गेल्या, परतल्या दिवेलागणीला. काय झाले विचारायला दारात उभा राहिलो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या बाईला ताप हाय. तरी दहा माणसांचं रांधती. कुणी सांगायचं तिला?" आणि दार लावून घेतले.

३० नोव्हेंबर
खानावळीला कुलूप! कुसाबाई म्हणाल्या, सकीनाखालाचा ताप चढला, सगुणा सकाळपासून तिकडंच. धावत गेलो. मावशी पदर खोचून खालाच्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"बघत काय उभा राहिलास? हात धू. रोजा सुटायची वेळ झाली, ताटं कोण मांडणार?"