बारशाची बातमी नको

शनिवार, दिवेलागणीला

उद्या नातीचं बारसं. हसली की डोळ्यांच्या दोन रेघा होत्यात, अगदी आईवानी. सूनबाई मणिपूरची, हितं दवाखान्यात नर्स हाय. गल्लीतला दिलीप मोबाईलवर बातम्या लावतो. त्याला मीच हौसेनं बोलून बसले, "बारशाला ये, बातमी कर." तोंडच आवरत न्हाय माझं.

आज त्याच्या बातम्या अक्षरं जुळवत वाचल्या. गाडी लावण्यावरनं दोन भांडणं. एकात नुसतं 'शेजारणी भांडल्या' लिवलंय, खाली लोक हसून गेलेत. दुसऱ्यात 'मणिपुरी तरुणीचा राडा'. त्याच्याखाली चिनी, मोमो, हाकला हिला. भांडण तर सारखंच की.

मी येडी, सूनबाईलाच विचारलं, "मोमो म्हंजे काय गं?"

"खायचं असतं, आई. रस्त्यात मलाबी म्हणतात." आणि पोरीच्या लंगोट्यांच्या घड्या घालत बसली.

तशीच दिलीपकडं गेले, बातमी नको म्हणून सांगितलं. म्हणला, "मावशी, मणिपूर लिवलं तरच लोक बघत्यात. बाळाचं कौतुकच करतील."

"आन् तिच्या डोळ्यांवरनं कायबाय लिवलं तर?"

त्यानं मोबाईल खिशात घातला.

"जेवायला ये. मोबाईल चपलांपाशी ठेव."

व्हय म्हणला. पण बाकीच्या पाव्हण्यांच्या मोबाईलचं काय? समोरच्या माणसाची दृष्ट मीठ-मोहरीनं काढते मी. न बघितलेल्यांची कशी काढू?

आत्ता पोर झोपेत हसली. त्याच दोन रेघा. मी पटकन पदर आडवा धरला. खोलीत आमी दोघीच होतो.