कोमट बाटली

गुरुवार, सकाळ

प्रिय धाकटे,

खुशाल असशील असं धरून चालते. माझं बरं चाललंय. गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या देतो. कुंडीतल्या लिंबाला अखेर फूल आलं. लॅबमध्ये नवा इन्क्युबेटर आलाय. जुना बाहेर नेताना मी त्याला थोपटलं, तर सगळे हसले. हसू देत. ज्या कपाटाच्या उबेत जंतू वाढवत निम्मं आयुष्य गेलं, त्याचा लळा लागणारच की.

फोन केला नाही, कारण फोनवर तू "ताई गं" म्हणतेस आणि मी विरघळते. लहानपणापासून तुझी हीच युक्ती. बोर्डिंगात चादरीवर शाई सांडायचीस तू आणि मदरसमोर मान खाली घालून उभी राहायचे मी. थंडीत माझ्या पांघरुणात शिरून आपले गारठलेले पाय माझ्या पोटऱ्यांना लावायचीस. ते आठवलं की माझा राग टिकत नाही. आज मला तो टिकवायचा आहे. म्हणून हे पत्र.

तू रेक्टर आहेस त्या वसतिगृहातल्या मुलींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तेव्हा पाण्याचा नमुना घ्यायला आमच्या लॅबचे मिशावाले काका आले होते. नमुना घ्यायची एक रीत असते. नळाचं तोंड ज्योतीने शेकायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं आणि निर्जंतुक बाटली स्वतःच्या हाताने भरायची. ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. काकांनी आजवर कधी दिली नाही. तुला दिली.

मी खोदून विचारलं तेव्हा बिचारे मिशी चाचपत बसले. "बाई, त्या म्हणाल्या, दमला असाल, चहा घ्या, बाटली मी भरून आणते. आता तुमच्या सख्ख्या बहिणीच्या हातातून बाटली हिसकावू का?"

"आणि परत आली तेव्हा कशी होती बाटली?"

"कोमट होती, बाई. म्हटलं, उन्हाने टाकी तापली असेल."

"कुठलं ऊन, काका? त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं."



चांगल्यातल्या चांगल्या नळाचं पाणी जंतू वाढवायच्या प्लेटवर घाल, दोन दिवसांनी चार-दोन ठिपके उगवतातच. ते निरुपद्रवी असतात, त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. तुझ्या प्लेट कोऱ्या करकरीत. एक ठिपका नाही. नळाचं पाणी इतकं सोवळं नसतं गं! तू पाणी उकळलंस, जरा निववलंस आणि माझ्या बाटलीत भरलंस. माझ्या! आईपुढे आजोळच्या गोष्टी सांगायला निघालीस?

त्याच दिवशी तुझा फोन आला. "रिपोर्ट चांगला आहे ना?" मी म्हटलं, नमुना पुन्हा घ्यावा लागेल. तर तू तडकलीस. "तुला नुसते जंतू दिसतात, ताई. मला मुली दिसतात. परीक्षेच्या तोंडावर वसतिगृह बंद झालं तर त्यांनी जायचं कुठे? तुझ्या लॅबमध्ये राहायचं?"

खरं सांगू, मला तुझी दया आली. वाटलं, घाबरली आहे, मुलींसाठी जीव तुटतोय, त्या भरात वेडेपणा केला.

तरी मंगळवारी सकाळी मी स्वतः आले. मागच्या दाराने. तू प्रार्थनेला मुली घेऊन हॉलमध्ये होतीस, मला तुमचं गाणं ऐकू येत होतं. स्वयंपाकीणबाईंनी मला नळापाशी नेलं आणि माझ्याकडे न बघताच बोलल्या, "आता आलात होय? टाकीशेजारी संडासाचा पाइप फुटलाय, हे प्लंबर कधीच सांगून गेला. रेक्टरबाई म्हणाल्या, परीक्षा होऊ देत, मग खणू." मी नळ शेकला, बाटली भरली. ती गार होती.

आज प्लेट बघितल्या. ठिपक्यांवर हिरवी, धातूसारखी चमक. दिसायला देखणी असते ती. ती मैल्याच्या पाण्याची खूण आहे. हॉस्पिटलमधून तुझ्या त्या आठवीतल्या चष्मेवालीचा नमुना आला होता, त्यातही हेच जंतू. तिची लघवी बंद झाली आहे. डॉक्टर मूत्रपिंडाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

इथवर लिहून दोनदा पेन खाली ठेवलं. कारण खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही.

काल संध्याकाळी तुझ्या लेकीचा, छकुलीच्या आईचा, फोन आला होता. सहजच, गप्पा मारायला. म्हणाली, "मावशी, छकुली सध्या आमच्याकडेच आहे. आईने वसतिगृहातून मध्येच पाठवून दिली. म्हणाली, इथलं पाणी तिला बाधेल."

मी विचारलं, कधी पाठवली? तिने दिवस सांगितला. तेव्हा एकही मुलगी आजारी पडली नव्हती.

म्हणजे तुला ठाऊक होतं. तुझी नात उचलून तू सुरक्षित ठेवलीस आणि बाकीच्यांना त्याच नळावर रांगेत उभं केलंस. त्या कुणाच्या नाती नाहीत? आणि मला मुली दिसत नाहीत असं तू मला सांगतेस? तोंड वर करून? छकुली माझीही नात आहे. ती वाचली याचा आनंद मला धड होऊ दिला नाहीस, याबद्दल मी तुला काय करू ते सांग.

रिपोर्ट तासाभरापूर्वी आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेला. दुपारपर्यंत नळ बंद होतील आणि पाण्याचा टँकर येईल. मुली कुठे राहतील ते अधिकारी बघतील, मीही बघेन. माझ्या दोन खोल्यांत सहा जणी सहज मावतील. हे पत्र काका तुझ्या हातात देतील. त्यांना चहा विचारू नकोस.

चष्मेवालीची आई हॉस्पिटलच्या बाकावर बसून असते. लेकीने बाहेरचं काहीतरी खाल्लं, असं तिला तुमच्याकडून सांगितलंय. ती बेशुद्ध पोरीवर चिडते गं, "कशाला खाल्लंस" म्हणून. ते मला ऐकवत नाही. अधिकाऱ्यांच्या आधी तू जा आणि तिला खरं सांग.

चार वाजता मी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी असेन. आलीस तर तुझ्याबरोबर आत येईन, पण तुझ्या वतीने एक शब्द बोलणार नाही. नाही आलीस तर एकटी जाईन. त्या आईला आधी सांगेन की मी रेक्टरबाईंची सख्खी बहीण आहे. मग बाकीचं सांगेन.

तुझी, अजून तरी तुझीच,
ताई