दोन गल्ल्यांपलीकडचा गणपती

मी, कृष्णनाथ भिकाजी शेटगावकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार कोरगाव, तालुका पेडणे, गोवा, पुरता शुद्धीवर असताना स्वखुशीने ही माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणायला माणूस जवळ असावा लागतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पत्नी सुमंगला २०१४ साली वारली. एकुलता मुलगा साईश, सून हर्षा व नात गौरवी इंग्लंडात स्विंडनला राहतात. सुमंगलेचा हिस्सा साईशच्या नावे लागलेलाच आहे. उरलेल्या माझ्या हिश्श्यातलाही अर्धा भाग गोव्याच्या कायद्याने मुलाचाच, बापाला तो तोडता येत नाही. येत असता तर मी तोडला असता, हे इथे स्पष्ट लिहितो. तेव्हा पाठीमागच्या खोल्या, विहीर व काजूची बाग साईशची. ती त्याला कायदा देतो, मी देत नाही.

२. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हाताऱ्याला भ्रम झाला होता असे सांगत फिरतील.

मी पोर्तुगीज अमदानीत जन्मलो. त्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून २००७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी स्विंडनला गेलो. ज्या हातांनी देवळाचे दरवाजे कोरले, त्या हातांनी तिथे गोदामात माल ठेवायची लाकडी पॅलेटे ठोकली. सुमंगला गेली तेव्हा मी घरी पोचेपर्यंत चिता विझली होती. त्यानंतर साईशला दर रविवारी फोनवर जवळ येऊन राहायला सांगायचो, "अरे, लागीं ये."

२०१८ साली तो आला. माझ्याच दाखल्यावर त्याचे कागद झाले. माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवरचे घर मीच शोधले, गौरवीसाठी खाट मीच केली. अकरा वर्षांनी माझे माणूस हाकेच्या अंतरावर आले म्हणून मी शेजारच्या गोऱ्या म्हातारीलासुद्धा लाडू दिले.

कोरगावच्या आमच्या घराला आता कुलूप, म्हणून त्या वर्षीपासून घरचा गणपती माझ्या खोलीत आणायचे मी ठरवले. देवाला तसे गाऱ्हाणे घातले. पाट केला, वर फळे बांधायची माटोळीची चौकट टांगली. तिला नारळ, सुपारी, काकडी बांधली, आणि कांगला-घागऱ्या ही रानफळे मिळेनात म्हणून रस्त्याकडेची आंबट सफरचंदे बांधली. नैवेद्य झाकून वाट पाहत बसलो.

गौरवी आली ती प्लास्टिकच्या डब्यात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन. म्हणाली, "आजो, पपान सांगलां, आमच्या गणपतीक या."

त्याने वेगळा गणपती आणला हे मला आधी कळलेच नाही. आमच्याकडे चूल वेगळी झाली तरी गणपती एक, हा रिवाज. चूल बायका भांडून वेगळी करतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलू लागतात. गणपती वेगळा केला की घर तुटले. साईश पेडण्यात वाढला, त्याला हे कोणी शिकवायला नको होते. फोन केला तर म्हणतो, "बाबा, तुमची खोली ल्हान. माझे धा इष्ट येतले, ते खंय बसतले? गणपतीच हाडलंय, वाटणी थोडीच केलंय?"

मी गेलो नाही. नैवेद्य दुपारी चारपर्यंत झाकलेला होता. पुढची चार वर्षे आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतराने राहिलो. दुकानात तो दिसला की मी दुसऱ्या रांगेत उभा राहायचो. पाच हजार मैल लांब होता तेव्हा दर रविवारी बोलायचा. २०२२ साली मी गाशा गुंडाळून कोरगावला परतलो. विमानतळावर सोडायला तो आला होता. मी काचेबाहेर बघत राहिलो.

३. स्विंडनच्या बँकेत जे काही असेल ते गौरवीचे. तिच्या बापाने त्याला हात लावू नये. डबा तिने आणला होता, गुन्हा तिचा नव्हता.

४. माझा इंग्लंडातला जाड कोट साईशने घ्यावा. गोव्यात त्याचा उपयोग नाही, आणि तो इथे येईल असे मला वाटत नाही.

५. रंधा, करवती, पटाशी व कोरकामाची सगळी हत्यारे खानापूरच्या अनिलला द्यावीत. तो माझा पुतण्या प्रथमेश याच्या सुतारकीच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने रंध्याचे पाते दगडावर लावताना घाई करू नये. दहा वेळा सांगितले आहे, हे अकरावे.

६. आता माझ्या मर्जीचा भाग. यात वसरी म्हणजे पुढची ओसरी, गणपतीची खोली आणि अंगणातून वसरीपर्यंत गेलेल्या चिऱ्यांच्या भिंतीची जागा येते. हे सर्व मी माझा पुतण्या प्रथमेश गोकुळदास शेटगावकर याला देतो. भिंतीपलीकडचे अर्धे घर त्याचेच आहे.

ती भिंत मी बांधली. १९९१ साली चुलीवरून वाद झाला. थोरला भाऊ गोकुळदास अंगणात उभा राहून म्हणाला होता, "किस्ना, भिंत बांदतंस ती बांद, पूण दोन गणपती करू नको." मी केले. पहिल्याच चवथीला भिंतीच्या या बाजूला माझा गणपती बसवला आणि घुमटे मुद्दाम जोरात वाजवायला लावली. साईश तेव्हा सहा वर्षांचा होता, माझ्या शेजारी झांज घेऊन बसला होता. म्हणजे शिकवले ते मीच.

गोकुळदास २०१९ साली वारला. मी आलो नाही, तिकीट महाग होते असे सांगितले. परतल्यावर वहिनीने सांगितले की १९९१ च्या त्या पहिल्या चवथीला त्याने माझ्यासाठी पान वाढून तीनपर्यंत झाकून ठेवले होते. मी मुलाची चारपर्यंत वाट पाहिली. भावापेक्षा तासभर जास्त, माझ्या वाट्याला तेवढेच पुण्य.

वहिनी आजही रोज भिंतीवरून पेजेचा तोप देते. मी तो घेतो. भिंत हयातीत का पाडत नाही, असे कोणी विचारील. मला लाज वाटते.

७. प्रथमेशला अट एकच. माझा बारावा झाल्यावर त्याने ती भिंत पाडावी आणि दोन्ही बाजूंचा मिळून एक गणपती बसवावा. पहार माझ्या खाटेखाली आहे. त्या चिऱ्यांनी दुसरी भिंत बांधू नये.

८. चवथीला साईशसाठी एक पान वाढून तीनपर्यंत झाकून ठेवावे. तो आला तर त्याला काही विचारू नये, माझ्या पाटावर बसवावे. नाही आला तर पान गाईला घालून सर्वांनी जेवून घ्यावे. तीननंतर वाट पाहू नये. त्यापुढे माणूस बिघडतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. वाचताना साक्षीदार ओंकार सहाव्या कलमापाशी थांबला होता. त्याला मी पुढे वाच म्हटले.

(सही) कृष्णनाथ भिकाजी शेटगावकर

साक्षीदार:
१. ओंकार परब, निवृत्त शिक्षक, कोरगाव (सही)
२. विनिता नाईक, शेजारीण, कोरगाव (सही)

स्थळ: पेडणे
दिनांक: २५ ऑगस्ट २०२५, सोमवार. चवथ परवा.