पुलावरचे हातमोजे

३ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडचंही ठीक असेल असं धरून चालवत नाही, म्हणून हे पत्र.

चष्म्याचं दुकान चालू आहे. समोरचा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि धूळ जास्त. मी काउंटरमागे बसून वाचते. एका ऑनलाइन वाचनगटात शिरलेय. सगळे मिळून एक जुनी, लांबलचक फ्रेंच कादंबरी वाचतोय, वर्षभर, रोज थोडी. गट चालवणारे काका औषधांच्या दुकानातले, ते त्याला 'आजचा डोस' म्हणतात. पुढचं कुणी फोडायचं नाही, हा एकच नियम.

कादंबरी कुठली, ते तुला सांगायला हवं का? आपल्या घरी होती तीच. गिरणीवाल्याच्या विधवेची.

गटात एक 'पाहुणी' आहे. फोटो नाही, नाव नाही, बोलणं बेताचं. पण मी काही लिहिलं की तिचं पहिलं उत्तर ठरलेलं. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवायला नवऱ्याने दुसरं खातं काढलंय. विचारलं तर म्हणाला, "मी? नऊशे पानं? वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक अजून पुरं वाचलं नाही मी." ते पटलं.

मग गेल्या आठवड्यात विषय निघाला, बाई गावातून परतते तेव्हा तिचे हातमोजे कुठे गेले? पाहुणीने लिहिलं, "पुलावरच्या धोबिणीला दिले ना. तिचे हात फुटले होते."

सगळ्यांनी शोधलं. कुणाच्याच प्रतीत नाही. काका म्हणाले, "पान सांगा हो."

पुस्तकात ते नाहीच, ताई. आपल्या प्रतीतली तेवढी पानं गळाली होती. आईने विचारलं, "मग मोजे गेले कुठे गं?" तेव्हा कपडे वाळत घालता घालता तू ते रचलंस. ऐकायला आम्ही दोघीच होतो. आणि आई आता नाही.

आईची खोली माझी वाट न बघता रिकामी केलीस, तेव्हापासून आपण बोलत नाही. त्यातलं हे एवढं पुस्तक मला पाठवलंस, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. आणि आता पाहुणी बनून रोज गुपचूप मला वाचत होतीस. राग आला, खोटं कशाला बोलू. थोडं बरंही वाटलं.

पण परवा तू काकांना विचारलंस, "शेवट आधी सांगाल का? तिथवर जमेलसं वाटत नाही." ते म्हणाले, "अहो, एवढी काय घाई?" तू नुसता हसरा चेहरा टाकलास.

लहानपणी मी शेवटचं पान आधी उघडलं म्हणून तू मला पुस्तकाला हात लावू दिला नव्हतास. ती तू शेवट मागतेस? काल सकाळी भावोजींना फोन केला. "झोपलीय," म्हणाले. संध्याकाळी केला, तरी झोपलेलीच. आणि ते माझ्याशी इतकं गोड कधीपासून बोलायला लागले?

काय झालंय तुला? डॉक्टर काय म्हणाले?

नको, लिहू नकोस. खोटं लिहिशील.

शनिवारी येतेय. पुस्तक घेऊन. शेवट सांगणार नाही. रोजचा डोस उशाशी बसून मोठ्याने वाचीन, तू डोळे मिटून ऐक. पानं गळाली आहेत तिथलं मात्र तू सांगायचंस.

दार उघडायला भावोजींना पाठवू नकोस. तूच ये, भिंतीला धरून का होईना. कितीही वेळ लागू दे, मी दाराशी थांबते.

तुझीच,
ठमी