होमोसिस्टीन नऊ

१४ सप्टेंबर, शनिवार
रिटायर झालो म्हणून सिंधूनं बळंच फुल बॉडी चेकअप करायला लावलं. रिपोर्ट आला. बाकी किरकोळ. पण एक ओळ ठळक अक्षरांत: होमोसिस्टीन ३८. नॉर्मलच्या दुपटीहून जास्त. हा शब्द आमच्या नांदेडच्या रेल्वे ऑफिसात कुणी ऐकलासुद्धा नसेल. सकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींकडे तेच बीपी आणि तीच शुगर. रोगातसुद्धा माणसाची लायकी कळते.

१६ सप्टेंबर
डॉ. धम्मप्रियांकडे गेलो. त्यांचं वय माझ्या सर्व्हिसपेक्षा कमी. म्हणाल्या, बी-ट्वेल्व्ह कमी आहे, शाकाहारी लोकांत असतं, इंजेक्शन-गोळ्या घेतल्या की होमोसिस्टीन खाली येईल. इथपर्यंत ठीक. पुढं म्हणाल्या, पण काका, आकडा खाली आला म्हणजे धोका टळला असं नाही. तुमचं बीपी एकशे ऐंशी आहे, खरं काम तिथं आहे. बीपीची गोळी रोज, आणि तंबाखू बंद.
काका! ऑफिस सुपरिंटेंडेंट होतो मी.
वडिलांचं सांगितलं. साठीत लकवा मारला, नंतर खाटेवरच गेले, सगळं माझ्या बायकोनं, सिंधूनं केलं. मला तसं व्हायचं नाही, बस. तर म्हणाल्या, म्हणूनच बीपी. पुन्हा तेच.

१७ सप्टेंबर
दिवसभर मोबाईलवर वाचलं. सगळा उलगडा झाला. होमोसिस्टीन रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब करतं. म्हणजे कारण ते. बीपी हा नुसता परिणाम. कारण गेलं की परिणाम जाणारच. एवढं साधं लॉजिक एमडी होऊन कळत नाही.
संकल्प: इंजेक्शनं सुरू. फिरणं सुरू. तंबाखू आजपासून बंद. बीपीची गोळी तूर्त कपाटात. एका वेळी एकच औषध घ्यावं, म्हणजे गुण कशाचा आला ते कळतं.

१८ सप्टेंबर, सायंकाळ
पहिलं इंजेक्शन. लालभडक. अंगात वीज खेळली. फिरायला जाणार होतो, पण इंजेक्शनच्या दिवशी नको.
तंबाखू नाही. दुपारी एकदा. ती मोजत नाही.

२९ सप्टेंबर
गावाहून नागप्पाचा फोन. धाकटा भाऊ. निलंग्याकडे आमची शेती करतो. त्यालाही बीपी. म्हणाला, सरकारी दवाखान्यातली गोळी रोज चहासंगं खाऊन ऱ्हायलो अण्णा, काय तकलीफ न्हाई. विचारलं, होमोसिस्टीन किती? म्हणाला, ते काय असतंय? अशा माणसाशी काय बोलणार! दावणीच्या बैलासारखा दिला तो चारा खातो.

११ ऑक्टोबर
सिंधूला कपाटात बीपीचं अख्खं पाकीट सापडलं. घरात तमाशा. म्हणाली, मामंजीबी असंच म्हणायचे, मला काय झालंय म्हणून. तिला कारण आणि परिणाम यांतला फरक समजावला. ती भाजी निवडत बसली. अर्धं आयुष्य अशा श्रोत्यांपुढं गेलं.

२६ ऑक्टोबर
फिरणं: दिवाळीनंतर. हवा खराब आहे.
तंबाखू: कमी. शिवाय तंबाखू हेही शेवटी पानच. पानांत फोलिक ॲसिड असतं, तेही होमोसिस्टीन खाली आणतं. यावर कुणी संशोधन कसं केलं नाही?

१८ नोव्हेंबर
विजय. होमोसिस्टीन ९.
लॅबवाल्याला दोनदा विचारलं. नऊच. रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. धम्मप्रियाबाईंच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, छान, बी-ट्वेल्व्ह भरून निघालं, ते गरजेचंच होतं. आता दंड द्या, बीपी बघू. म्हटलं, घाईत आहे. जिंकलेल्या माणसानं पुन्हा परीक्षेला बसायचं नसतं.

९ डिसेंबर
सकाळी डोकं जड. थंडीमुळं. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या. बी-ट्वेल्व्हनं नसा जाग्या होत असणार. सिंधूला सांगितलं नाही. उगाच घाबरते.

३० डिसेंबर, सोमवार, सकाळी
गावी आलोय. आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतातल्या पूजेचा आणि जेवणाचा दिवस. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी आहे, आत पाच दगडांचे पांडव मांडलेत, चरव्यात आंबील, पातेलंभर भज्जी. हिरव्या तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, पालेभाजी, सगळं एकात. म्हणजे निव्वळ फोलिक. या अडाणी लोकांनी शतकानुशतकं काय खाल्लं हे त्यांना आज मी सांगणार आहे. पाहुणे पुष्कळ आहेत. रिपोर्ट बरोबर आणलाय. नागप्पानं सकाळी चहाबरोबर आपली गोळी घेतली आणि एक माझ्यापुढं धरली. दयेनं हसलो.

३ जानेवारी, लातूर, दवाखाना
उजवा हात चालतो. तेवढ्यावर लिहितोय.
त्या दिवशी भाषण रंगात आलं होतं. रिपोर्ट सगळ्यांना दाखवला. आंबिलीचा पेला तोंडाला लावला तर आंबील डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर गळायला लागली. म्हणालो, आंबील पातळ झालीय. शब्द जरा जड आले. सगळे हसले. सिंधू हसली नाही. पंगतीतून उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, हासून दाखवा. चारचौघांत! हसलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि नागप्पाला म्हणाली, गाडी काढा, मामंजीसारखं झालंय.
आलो तेव्हा बीपी दोनशे वीस होतं म्हणे. इथले डॉक्टर म्हणाले, ताईंनी वेळेत आणलं, हात-पाय बरेचसे परत येतील, पण बीपीची गोळी कुणी बंद केली? त्यांना नीट समजावून सांगत होतो, होमोसिस्टीन नऊ, कारण, परिणाम. त्यांना शब्द कळेनात. सिंधूनं सांगितलं, विटामिन चांगलं हाय म्हणायलेत. डॉक्टर म्हणाले, असू द्या.
मग रिपोर्टच दाखवायला घेतला. डाव्या हातातून निसटला. नागप्पानं उचलला, पुसला आणि मला दिसेल असा धरून उभा राहिला. उलटा धरला होता. म्हणाला, बराबर हाय अण्णा, लई चांगला हाय. त्याला खोडावंसं वाटलं नाही.
आत्ता सिंधूनं बीपीची गोळी पेजेतून भरवली. आधी गळ्याभोवती टॉवेल बांधला, गाठ मानेच्या डाव्या बाजूला. वडिलांना बांधायची तशीच. बघावंही लागलं नाही तिला, हाताला सवय होती. मला भीती वाटली. गोळी गिळली.
होमोसिस्टीन नऊ आहे.